राजकीय वार्ताहराच्या जुन्या वह्या : ‘छापायचं नाही’ म्हणून सांगितलेलं आता लिहावं का?

पागोळी

माझे बाबा मुंबईतल्या एका मराठी दैनिकाचे राजकीय वार्ताहर होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागले आणि निवृत्तीपर्यंत मंत्रालय आणि विधिमंडळ हेच त्यांचं बीट राहिलं. मुख्यमंत्री आले-गेले, पक्ष फुटले, जुळले, परत फुटले, बाबा मात्र रोज त्याच पत्रकार कक्षात. आता वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी त्यांच्या मागे लागलेय की आठवणी लिहा, नाहीतर सांगा, मी लिहून घेते.

अडचण वह्यांची आहे. वरून उलटायच्या लांबोडक्या वह्या, लोखंडी ट्रंका भरून. प्रत्येक पानावर तारीख, सभागृहाचं नाव, मग बारीक अक्षरात नोंदी. मधूनमधून काही ओळींभोवती पेन्सिलची चौकट आणि कोपऱ्यात ‘न’. न म्हणजे छापायचं नाही. कुणी गाडीत शेजारी बसवून सांगितलेलं, कुणी रात्री बाराला फोनवर, कुणी फाइल पुढे सरकवून ‘वाचा आणि विसरा’ म्हणालेलं.

बाबा म्हणतात, “ते मला सांगितलं होतं, वाचकाला नाही. चौकटींना हात लावायचा नाही.” माझं म्हणणं असं की सांगणारे बरेचसे आज हयात नाहीत, ती सरकारं कधीच गेली, आणि खरा इतिहास त्या चौकटींतच आहे. त्या वगळल्या तर उरतं ते तेव्हा छापून आलेलंच.

इथे आजी-माजी पत्रकार, अधिकारी, राजकारणात वावरलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते. ‘छापू नका’ ही अट संपते कधी? पद गेल्यावर? माणूस गेल्यावर? की कधीच नाही?

उंबरठा

लिहायलाच हवं. आम्ही वाचकांनी आयुष्यभर ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ एवढ्यावर भागवलंय. सरकार कुणी पाडलं, कुणी वाचवलं, कोणत्या फाइलवर सही का अडली, हे मतदाराला कळायला नको? निदान चाळीस वर्षांनी तरी?

डाकआवृत्ती

पागोळीताई, मी डेस्कवर आयुष्य काढलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

वार्ताहराला मिळणारी माहिती साधारण तीन तऱ्हेची असते. एक नावानिशी छापायची. दुसरी सूत्रांच्या हवाल्याने छापायची, म्हणजे मजकूर वापरा पण माझं नाव नको. आणि तिसरी निव्वळ तुमच्या माहितीसाठी. तुमच्या बाबांच्या चौकटी या तिसऱ्या तऱ्हेच्या असणार. लोकांना वाटतं ही माहिती कपाटात पडून राहिली, वाया गेली. तसं नसतं. तिचा उपयोग त्याच रात्री झालेला असतो.

मुख्यमंत्री बदलणार अशी आवई उठलेली रात्र आठवा. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी पहिली आवृत्ती, सुटायला आलेली, पहिल्या पानाची जागा राखलेली, सगळीकडून एकच सूर. अशा एका रात्री आमच्या वार्ताहराचा फोन आला, “ती बातमी मुख्य करू नका, आतल्या पानावर दोन परिच्छेद घ्या.” का, ते सांगितलं नाही. संपादकांनीही विचारलं नाही, कारण हा माणूस उगाच फोन करत नाही हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी काहीही बदललं नाही. इतरांचे मथळे तोंडघशी पडले, आमचा वाचला. तो वाचवणारा मजकूर त्याच्या वहीत चौकटीत असेल. वाचकाला त्याचा लाभ खोट्या बातमीपासून वाचण्याच्या रूपाने मिळाला.

आता अट कधी संपते? माझं उत्तर : शब्द ज्याला दिला त्याने सोडवल्याशिवाय नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणातलं उदाहरण घ्या. एफबीआयमधल्या आपल्या सूत्राचं नाव बातमीदार बॉब वुडवर्डने तीस वर्षांहून अधिक काळ सांगितलं नाही. २००५ मध्ये मार्क फेल्ट स्वतःच पुढे आला, तेव्हा दुजोरा दिला. तोवर अध्यक्ष गेले, खटले संपले, सगळे जिज्ञासू दार ठोठावून थकले. तरी नाही.

उंबरठा

पण वुडवर्डने माहिती तर तेव्हाच छापली ना? लपवलं फक्त नाव. इथे मजकूरच चौकटीत आहे. दोन्हींत फरक आहे, डाकआवृत्ती.

डाकआवृत्ती

फरक आहे, मान्य. पण अट तोडल्यावर फसवणूक होते ती एकाच जातीची.

तारांकित

मी दोघांशीही असहमत. आणि पागोळी, तुझ्या मूळ वाक्याशीच असहमत : ‘खरा इतिहास चौकटींतच आहे’. तो चौकटीबाहेरही आहे, आणि जास्त आहे.

मी विधान भवनात बातमीदारी केली. आमच्या पिढीतल्या बायकांना ‘गाडीत शेजारी बसवून’ कुणी काही सांगत नसे. पुरुष सहकारी नेत्यांबरोबर रात्री उशिरापर्यंत बसत, तिथे त्यांना काय काय कळे. आम्ही अशा बैठकांना बसलो की दुसऱ्या दिवशी आमच्याचबद्दल बोललं जाई, आणि नाही बसलो की ‘हिला सोर्स नाहीत’. मग मी वेगळा रस्ता धरला. तारांकित प्रश्नांची (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) उत्तरं, पुरवणी मागण्यांची (वाढीव खर्चाच्या मंजुरीची) पुस्तकं, समित्यांचे अहवाल. विधान भवनाच्या ग्रंथालयात बसून मागच्या वर्षीचं आश्वासन आणि यंदाचं उत्तर शेजारी ठेवायची. त्याच योजनेबद्दल दोन अधिवेशनांत दोन वेगळे आकडे दिलेले सापडायचे. ती बातमी माझी. कुणी ‘छापू नका’ म्हणू शकत नव्हतं, कारण ते त्यांनीच छापून सभागृहात वाटलेलं होतं. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, सगळ्यांना परतीची घाई असते, तेव्हा तो जाडजूड गठ्ठा घेऊन बसायला माझ्याशिवाय फारसं कुणी नसायचं.

मुख्यमंत्र्याला पायउतार व्हायला लावणाऱ्या बातम्याही कागदावरच उभ्या राहतात. १९८१ मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण बाहेर काढलं ते त्यांच्या ट्रस्टच्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांच्या नोंदी समोर ठेवून. १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निकाल गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. तिथे गाडीतल्या गप्पांवर भागलं नसतं.

तुझ्या बाबांच्या वह्यांत त्या चौकटींच्या खालीवर जे आहे ते आधी वाच. कोण आमदार कोणत्या प्रश्नावर उठला, कुणी गैरहजर राहून ठराव पडू दिला, कोणत्या मंत्र्याने उत्तर देताना सचिवाकडून चिठ्ठी मागवली. सभागृहाच्या इतिवृत्तात चिठ्ठी नसते. प्रेस गॅलरीत बसलेल्याच्या वहीत असते.

बूमधारी

मी वृत्तवाहिनीत आहे. ज्येष्ठांबद्दल आदर ठेवून एक प्रश्न. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं असेल तर?

आमच्या पिढीचा अनुभव वेगळा आहे. २२ नोव्हेंबर २०१९ ची संध्याकाळ, वरळीचं नेहरू सेंटर. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांची बैठक, मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं खुद्द शरद पवारांनी बाहेर येऊन सांगितलं. आम्ही रात्रभर तेच चालवलं, सकाळच्या पेपरांचे मथळेही तेच. लोकांच्या हातात पेपर पडेपर्यंत पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. आणि ३० जून २०२२ : दुपारपर्यंत एकूणएक वाहिनीवर फडणवीस मुख्यमंत्री होणार. मग राजभवनातच त्यांनी एकनाथ शिंदेंचं नाव जाहीर केलं. दोन्ही वेळा आमच्यापैकी कित्येकांकडे ‘अगदी आतली’ माहिती होती. ती एक तर अपुरी होती किंवा मुद्दाम पसरवलेली होती. दिवसभर उन्हात उभं राहून आपण नेमकं कुणाचं काम करत होतो, हा प्रश्न मला त्या दोन्ही रात्री पडला, आणि अजून पडतो.

मग ज्याने ‘फक्त तुझ्यासाठी’ म्हणून खोटं सांगितलं त्याच्याशीही शब्द पाळायचा का?

डाकआवृत्ती

नाही. जाणूनबुजून खोटं सांगितलं की त्याने स्वतःच करार मोडला. पण जाणूनबुजून होतं हे ठरवायला कसोटी कडक हवी. राजकारणात संध्याकाळी खरं असलेलं पहाटे खोटं होतं, तुमचंच उदाहरण घ्या. त्या संध्याकाळी बोललेल्यांपैकी किती जणांना पहाटेचं ठाऊक होतं?

सतरंजी

मी पत्रकार नाही. पक्षाचा कार्यकर्ता, हुद्दा नावातच आहे. आमच्या नेत्याच्या बंगल्यावर फोनपाशी बसायचो, त्यामुळे तुमची ही चौकट दुसऱ्या बाजूने पाहिली आहे.

साहेब सकाळी पेपर वाचून झाले की यादी सांगायचे. पहिला फोन अमुकला लाव. “तुला म्हणून सांगतो, छापू नकोस.” फोन ठेवला की दुसऱ्याला लाव. तेच वाक्य. मग तिसऱ्याला. तिघांच्याही वह्यांत ते चौकटीत गेलं असणार. साहेबांना ठाऊक असायचं की तिघांतला एक जण दुपारी विरोधी गटातल्या आपल्या माणसाला विचारणार, “असं असं ऐकतोय, खरं का?” निरोप पोचवायचं काम तिथे व्हायचं. छापून यायची गरजच नव्हती.

म्हणून सांगतो, ताई, चौकटीतलं सगळं खरं समजू नका. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या वडिलांच्या सचोटीबद्दल हे नाही. काही पत्रकार असेही होते की साहेब फोनवर सुरू झाले की ते म्हणायचे, “थांबा, हे मला ऑफ द रेकॉर्ड नको. छापता येईल तेवढंच सांगा.” साहेब त्यांच्यावर चिडायचे आणि घाबरायचेही त्यांनाच.

पागोळी

सतरंजी, वाईट कशाला वाटेल. हे मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “फोनपाशी बसणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आम्ही त्यांच्याशीच आधी बोलायचो.”

तारांकितताई, चिठ्ठीबद्दल तुम्ही लिहिलंत आणि मी एक वही उघडली. खरंच आहे : “उत्तर देताना मंत्री दोनदा अधिकारी कक्षाकडे पाहतात, चिठ्ठी येते, आकडा बदलतो.” आणि तो बदललेला आकडा बाबांनी अधोरेखित केलाय. चौकट नाही. बातमीतही नाही आला, मी कात्रण काढून पाहिलं.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. सगळ्या चौकटी नेत्यांच्या नाहीत. काही त्यांच्या स्वतःच्या दैनिकाबद्दल आहेत. बातमी दिली, लागली नाही, का लागली नाही, वरून कुणी काय सांगितलं. तिथे ‘न’ जास्त गडद आहे.

तारांकित

तिथे मात्र मी तुझ्या बाजूने. ते लिहायला सांग. नेत्याला शब्द दिला होता. मालकाला कुठे दिला होता? राजकीय वार्ताहराच्या कारकिर्दीत सगळ्यात कमी लिहिलं जातं ते न छापलेल्या बातम्यांबद्दल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथांनी उघड केलं. प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दन् शब्द सारखे कौतुकाचे लेख होते, ते शेजारी ठेवले आणि काम झालं. त्या काळात बीटवर असलेल्या वार्ताहरांना काय वाटत होतं, कुणाची बातमी त्या पानांसाठी बाजूला पडली, हे आमच्यापैकी फार थोड्यांनी सांगितलंय. पुढे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने चौकशी केली, पण कौन्सिलच्या हातात समज देण्यापलीकडे फारसं काही नसतं.

झिरोमाइल

भाऊ लोकहो, सगळी चर्चा मुंबईतच चालली आहे. जरा नागपूरला या.

१९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन आमच्याकडे होतं. मुंबईचे पत्रकार ‘सुयोग’मध्ये उतरायचे, मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात. मुंबईत जो मंत्री पाच मिनिटं देत नसे तो इथे सकाळी फिरायला निघाला की सोबत चालता चालता अर्धं खातं सांगून टाकायचा. पागोळीताई, बाबांच्या डिसेंबरच्या वह्या बघा, चौकटी जास्त असतील.

मी तेव्हा एका छोट्या दैनिकाचा विदर्भातला बातमीदार होतो. आमचं आयुष्य म्हणजे एसटी. मजकूर आणि फोटो पाकिटात घालून संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे, तिकडे स्टँडवर ऑफिसचा माणूस उभा. गाडी पंक्चर झाली की बातमी उद्या. मग फॅक्स आला. फॅक्सवाल्या दुकानात रांग, आणि मागे उभा असलेला दुसऱ्या पेपरचा माणूस तुमचा मजकूर खांद्यावरून वाचतोय. म्हणून मी पहिलं पान शेवटी द्यायचो.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीच्या दर्जाच्या मागणीसाठी. विधान भवनाच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि पोरं किती. आत सभागृहाचं वार्तांकन करायला आलेले मुंबईचे राजकीय वार्ताहर बाहेर धावले. त्यातले काही जण रात्री रुग्णालयात माझ्याबरोबर होते. एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांची ओळख फक्त सरकार कधी पडणार हे सांगणारे म्हणून होती, ते गावाचं नाव, माणसाचं नाव, वय असं एकेकाच्या नातेवाइकाला विचारून लिहीत होते. त्यांना गावांची नावं नीट कळत नव्हती, मी सांगत होतो. एका बाईला नवऱ्याचं वय सांगता येईना, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिला पाणी आणून दिलं, मग पुढच्याकडे गेले. त्या नावांत एकही चौकटीत नव्हतं. ते सगळं छापण्यासाठीच होतं, आणि जागेअभावी सगळी नावं सगळीकडे छापून आली नाहीत.

आदिवासी विकास मंत्री पिचडांनी राजीनामा दिला. राजकीय बातमी म्हणून तेवढं लक्षात राहिलं. आज झिरो माइलजवळ स्मारक आहे. ताई, तुमच्या बाबांच्या त्या तारखेच्या वहीत नावं असतील, तर माझी विनंती आहे की आठवणी निघोत न निघोत, ती पानं आधी बाहेर काढा.

उंबरठा

झिरोमाइल, वाचून सुन्न झालो. राजकीय वार्ताहर म्हणजे मंत्र्यांच्या मागे फिरणारा माणूस, हीच माझी समजूत होती.

टिपणी

मी शासनात होतो. सेवेचा बराच काळ मंत्रालयात गेला. दोन मुद्दे मांडतो.

एक. नोंदी कुणाकडे उरतात? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, फाइलींची मोजदाद कितीतरी दिवस चालू होती. पुढे फाइली परत उभ्या करताना आम्ही संबंधित कार्यालयांकडून, जिल्ह्यांतून प्रती मागवल्या. जो पत्रव्यवहार होता तो बराचसा मिळाला. पण फाइलीत नसलेलं, म्हणजे बैठकीत कुणाचा विरोध होता, टिपणी दोनदा का बदलली, हे कुठून आणणार? त्या दिवसांत मी एका जुन्या वार्ताहराला फोन करून एका निर्णयाचा क्रम विचारला होता. त्यांनी वही उघडून तारखेसह सांगितला, आणि तो पुढे मिळालेल्या कागदांशी जुळला. तेव्हा वह्या नष्ट करण्याचा विचार कुणाच्याही मनात असेल तर तो काढून टाकावा.

दोन. चौकटीतल्या माणसांत मंत्री कमी आणि आमच्यासारखे अधिकारी, लिपिक, स्वीय सहायक जास्त असतील. मंत्र्याचं नाव फुटलं तर त्याला दोन दिवस त्रास होतो. कक्ष अधिकाऱ्याचं नाव फुटलं तर बदली, चौकशी, निवृत्तिवेतन अडकणं. आज तो निवृत्त असला तरी त्याचा मुलगा त्याच खात्यात असू शकतो. सत्तावान सूत्र आणि दुबळं सूत्र यांना एकच नियम लावू नये असं माझं मत आहे.

जाता जाता : तुमच्या वडिलांनी शासनाच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेसाठी अर्ज केला आहे का? वयाची आणि अनुभवाची अट असते. वृत्तपत्रांतून निवृत्त झालेल्यांना भविष्य निर्वाह निधीचं निवृत्तिवेतन किती तुटपुंजं मिळतं ते मला माहीत आहे, म्हणून विचारलं. जिल्हा माहिती कार्यालयात चौकशी करा. जुनी नियुक्तिपत्रं सांभाळून ठेवलेली नसतात, तिथेच बहुतेकांचं अडतं.

बूमधारी

टिपणीसाहेब, दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे. आम्हाला पढवतात ते ‘सोर्स प्रोटेक्ट करा’ एवढंच, सोर्स किती दुबळा आहे हे कुणी विचारत नाही. आणि आता तर वहीच नाही. सगळं व्हॉट्सॲपवर, तेही चोवीस तासांत पुसलं जाणारं. आमच्या पिढीच्या मुलांना अशी ट्रंक सापडणार नाही.

वकिलीबाणा

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पागोळी लिहायला बसेल तेव्हा हे लागेल.

सूत्राचं नाव सांगायची सक्ती प्रेस कौन्सिल करू शकत नाही, १९७८ च्या कायद्याच्या कलम १५(२) मध्ये ते आहे. पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामापुरतं. न्यायालयापुढे पत्रकाराला असा सरसकट हक्क देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

‘मेलेल्याची बदनामी होत नाही’ ही समजूत अपुरी आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम ४९९ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन्हींत स्पष्टीकरण आहे : मृताबद्दलचा आरोप त्याच्या हयातीत बदनामीकारक ठरला असता आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल, तर तो गुन्हा होऊ शकतो. सत्य आणि लोकहित असा बचाव आहे, पण सत्य सिद्ध करायचं तर तुमच्याकडे फक्त पेन्सिलची चौकट.

ट्रंकेत ‘गोपनीय’ शिक्का असलेल्या कागदांच्या प्रती असतील तर त्या वेगळ्या काढून आधी वकिलाला दाखवा. १९२३ चा गोपनीयता कायदा अजून लागू आहे. आणि सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकलेली वाक्यं वहीत असतील तर तीही वेगळी ठेवा, तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा प्रश्न आहे, त्याच्या भंगाबद्दल सभागृह कारवाई करू शकतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१-क मुळे कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला संरक्षण आहे, काढून टाकलेल्या मजकुराबद्दल मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

उंबरठा

म्हणजे सगळे मिळून म्हणताय, लिहू नका. मग मी म्हणत होतो त्या मतदाराचं काय? ११४ नावं पूर्ण छापली गेली नाहीत, मंत्र्याच्या चिठ्ठीने बदललेला आकडा छापला गेला नाही, मालकाने थांबवलेली बातमी छापली गेली नाही. सावधपणाने इतकं सगळं आधीच गेलंय. अजून किती घालवायचं?

दप्तरखाना

उंबरठा यांचा राग मला पटतो, आणि वाट आहे. मी ग्रंथालयात जुन्या खासगी कागदपत्रांचं काम केलंय.

खासगी कागद एखाद्या संस्थेला देताना देणारा अट घालू शकतो : अमुक वर्षांपर्यंत हे बंद, नंतर अभ्यासकांना खुलं. दिल्लीच्या तीन मूर्तीमधल्या ग्रंथालयात, पूर्वीचं नेहरू स्मारक, नेत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे कागद आणि मौखिक इतिहासाच्या मुलाखती आहेत, त्यांतल्या काहींवर अशा अटी होत्या. तसंच करा. वह्यांचे तीन भाग पाडा. चौकटीबाहेरचं सगळं आत्ताच खुलं. दैनिकाबद्दलचं बाबांनी ठरवावं, तो त्यांचा स्वतःचा अनुभव आहे. आणि सूत्रांच्या चौकटी बंद पाकिटात, मुदत घालून. कोणत्याही संस्थेला द्यायच्या आधी लेखी करार करा आणि तिथे तापमान, वाळवी, सूची यांची काय व्यवस्था आहे ते स्वतः जाऊन बघा. नुसतं ‘आम्ही जपू’ यावर विसंबू नका. काही ठिकाणी देणगीचे गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता पडून असतात, हे मी पाहिलंय.

आणि आत्ता लगेच, बाबा आहेत तोवर, त्यांना समोर बसवून एकेक पान वाचून घ्या आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. वार्ताहराची लघुरूपं त्याच्याशिवाय कुणालाच लागत नाहीत. ‘सा.’ म्हणजे कोणते साहेब, ‘मो.’ म्हणजे मोर्चा की मोहिते, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार?

तारांकित

दप्तरखाना यांच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त एक भर : सूची करताना प्रत्येक नोंदीपुढे ‘ऐकलेलं’ की ‘पाहिलेलं’ एवढं लिहून घे. सतरंजींनी सांगितलेल्या फोनचं औषध तेच.

पागोळी

गेले काही दिवस उत्तर देता आलं नाही. बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, मग त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

झिरोमाइल, १९९४ ची वही मिळाली. नावं आहेत. सगळी नाहीत, पण पानंच्या पानं आहेत, गावासकट. मध्ये एका पानावर अक्षर बदललंय, कुणीतरी दुसऱ्याने लिहिलंय. बाबा म्हणाले, “नागपूरचा एक पोरगा होता, गावांची नावं त्याने लिहिली. मला ऐकून कळत नव्हती.” तो पोरगा तुम्हीच की आणखी कुणी, हे त्यांना चेहऱ्याशिवाय सांगता येत नाही. तुम्हाला निरोप टाकलाय, त्या पानाचा फोटो पाठवते. बघून सांगा.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर बाबा अजूनही हयात माणसांच्या चौकटींना हात लावू देत नाहीत. पण टिपणीसाहेबांचा मुद्दा त्यांना पटला आणि त्यांनी तो पुढे नेला. म्हणाले, “अधिकाऱ्याची चौकट मी मेल्यावरही बंद. मंत्र्याची उघडायला हरकत नाही, पण आधी त्याला विचारू.” आणि काल खरंच एका माजी मंत्र्यांना फोन केला. नव्वदीला टेकलेत. बाबांनी तारीख सांगितली, काय बोलणं झालं होतं ते वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज. मग ते म्हणाले, “लिहा की. त्यातला अर्धा भाग तुम्ही चुकीचा समजला होतात, तो आता नीट सांगतो.” त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जायचं ठरलंय, ध्वनिमुद्रणासकट.

दैनिकाबद्दलचं लिहिणार का, यावर अजून गप्प आहेत.

डाकआवृत्ती

बघा, शब्द ज्याला दिला त्यानेच सोडवला. जाताना ती वही आणि त्या आठवड्याची कात्रणं दोन्ही न्या. आणि मंत्रीमहोदय ‘नीट’ सांगतील तेही पडताळून घ्या. नव्वदीतही राजकारणी तो राजकारणीच.

उंबरठा

बाकीच्या पाकिटांवर मुदत किती घालताय? ५० वर्षं म्हणाल तर मी नसेन. ३० करा.

पागोळी

बाबा ४० म्हणतात, मी २०. करार करायला बसू तेव्हा वकिलीबाणा यांना सोबत यायला सांगतेय.

वकिलीबाणा

येते. गोपनीय शिक्क्याचे कागद तोवर वेगळे काढून ठेवा, आणि ट्रंका जमिनीवर असतील तर आजच विटांवर चढवा, पावसाळा तोंडावर आहे.